हिमालयातील निळी पॉपी : घरगुती बागेत एका दुर्मिळ फुलाची जोपासना

निसर्गात फुलांचे रंग अनेक असले, तरी खरा निळा रंग फार थोड्या फुलांच्या वाट्याला आला आहे. पिवळी, पांढरी, तांबडी आणि जांभळी फुले जागोजागी दिसतात. मात्र निरभ्र आकाशासारखे निळे फूल क्वचितच आढळते. म्हणूनच हिमालय आणि तिबेटच्या थंड, ओलसर दऱ्यांमध्ये फुलणाऱ्या निळ्या पॉपीने गेल्या शंभर वर्षांपासून जगभरातील बागप्रेमींना भुरळ घातली आहे. 'मेकोनॉप्सिस' या शास्त्रीय नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती आज स्कॉटलंडमधील अनेक घरांभोवतीच्या लहान बागांमध्ये मे महिन्याच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंत फुललेली पाहायला मिळते. तरीही ती लावणे सोपे नाही. एखाद्या वर्षी भरभरून फुललेले रोप पुढच्या वर्षी दिसेनासे होते, असा अनुभव अनेकांना येतो. असे का होते आणि ते कसे टाळता येते, हे समजून घेण्यासाठी या वनस्पतीचा स्वभाव आणि तिचे मूळ घर या दोन्ही गोष्टी जाणून घेणे आवश्यक ठरते.

खसखशीच्या कुळातील, पण अफूशिवाय

निळी पॉपी ही खसखशीच्या, म्हणजेच 'पॅपाव्हरेसी' कुळातील वनस्पती आहे. महाराष्ट्रात पडीक जमिनीत आणि शेताच्या बांधावर उगवणारा काटेरी पिवळा धोत्रा हाही याच कुळातला. त्याच्या पातळ, चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या आणि मधोमध दिसणारा पिवळ्या पुंकेसरांचा झुपका पाहिला, तर निळ्या पॉपीच्या रूपाची थोडीफार कल्पना येऊ शकते. फरक एवढाच, की निळ्या पॉपीचे फूल त्याहून बरेच मोठे, सुमारे ८ ते १० सेंटिमीटर व्यासाचे असते आणि ते कमरेएवढ्या किंवा त्याहून उंच दांड्यावर किंचित झुकलेले असते. देठ आणि पाने यांवर सोनेरी किंवा तांबूस लव असते.

पॉपी हे नाव ऐकताच अफूची आठवण होणे स्वाभाविक आहे. भारतात परवान्याशिवाय अफूची लागवड करणे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. मात्र अफू देणारी पॉपी ही निराळी जाती आहे. निळ्या पॉपीपासून अफू मिळत नाही, तिची लागवड केवळ फुलासाठी केली जाते.

मेकोनॉप्सिस या नावामागची कथाही रंजक आहे. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ 'पॉपीसारखे दिसणारे' असा होतो. १८१४ मध्ये हे नाव युरोपातील एका पिवळ्या फुलाच्या जातीसाठी, वेल्श पॉपीसाठी, प्रथम वापरण्यात आले. पुढे हिमालयातील अनेक जातींना हेच नाव मिळाले. अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून मात्र वेल्श पॉपीचे हिमालयीन जातींशी जवळचे नाते नसल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे ज्या फुलावरून नाव पडले तेच गटाबाहेर गेले आणि नाव हिमालयाकडे राहिले. आज या गटात ७० हून अधिक जाती मानल्या जातात. त्यांत निळ्या फुलांबरोबरच पिवळ्या, तांबड्या, जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या जातीही आहेत.

पाकीटवहीतून बागेपर्यंत

निळ्या पॉपीचा बागेतील इतिहास ब्रह्मपुत्रेच्या शोधाशी जोडलेला आहे. १९१३ मध्ये फ्रेडरिक बेली आणि हेन्री मोर्सहेड हे दोन ब्रिटिश अधिकारी आसामच्या सीमेवरील डोंगर ओलांडून तिबेटमध्ये शिरले. तिबेटमधील त्सांगपो नदी पुढे ब्रह्मपुत्रा कशी होते, याचा माग काढणे हा त्यांचा हेतू होता. त्या प्रवासात रोंग चू नदीच्या खोऱ्यात बेली यांना एक निळी पॉपी दिसली. तिचे एक फूल त्यांनी आपल्या पाकीटवहीत ठेवले. त्या अपुऱ्या नमुन्यावरून वनस्पतीची पूर्ण ओळख पटवणे कठीण असले, तरी अशी एक वनस्पती अस्तित्वात आहे, एवढे त्यावरून निश्चित झाले.

त्यानंतर १९२४ मध्ये वनस्पती संग्राहक फ्रँक किंग्डन-वॉर्ड त्याच भागात गेले आणि त्यांनी तिचे भरपूर बी गोळा केले. सुमारे ३,००० मीटर आणि त्याहून अधिक उंचीवर, ओढ्यांच्या काठी आणि झुडपांच्या विरळ सावलीत ती वाढत असल्याचे त्यांनी पाहिले होते. हे बी ब्रिटनमधील अनेक बागांना वाटण्यात आले. १९२६ मध्ये लंडनमधील चेल्सी पुष्पप्रदर्शनात ही फुले मांडण्यात आली, तेव्हा त्यांनी सर्वांचे लक्ष वेधून घेतले. त्याच वर्षी डेव्हिड प्रेन यांनी बेली यांच्या सन्मानार्थ तिचे 'मेकोनॉप्सिस बेलेयी' असे नामकरण केले.

पुढे १९३४ मध्ये ही जाती आणि चीनच्या युन्नान प्रांतातून १८८९ मध्ये वर्णन केलेली 'मेकोनॉप्सिस बेटोनिसिफोलिया' ही जाती एकच असल्याचे ठरवण्यात आले. त्यामुळे बेली यांचे नाव मागे पडले. २००९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर ग्रे-विल्सन यांनी या दोन जाती पुन्हा वेगळ्या केल्या आणि बागेतील परिचित फुलाला बेली यांचे नाव परत मिळाले. जुन्या पुस्तकांत आणि बियांच्या पाकिटांवर आजही दोन्ही नावे आढळतात, त्यामागचे कारण हे आहे.

निळा रंग येतो कोठून?

या फुलाचा रंग हे शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ कोडे होते. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून त्याचा उलगडा झाला. निळ्या पॉपीच्या पाकळ्यांतील मुख्य रंगद्रव्य सायनिडिन या प्रकारातील आहे. विशेष म्हणजे, लाल गुलाबाला तांबडा रंग देणारे रंगद्रव्यही याच प्रकारातील असते. पॉपीच्या पाकळ्यांत मात्र या रंगद्रव्याला लोह आणि मॅग्नेशियम यांची, तसेच फ्लॅव्हॉनॉल या रंगहीन सहायक द्रव्याची जोड मिळते. या सर्वांच्या संयोगातून निळा रंग तयार होतो. म्हणजेच निळेपणा एकाच द्रव्यात नसून अनेक घटकांच्या मेळातून तो निर्माण होतो.

हा मेळ नाजूक असतो. उष्ण आणि कोरड्या हवेत, तसेच रोप अशक्त असताना फुले निळीऐवजी फिकट जांभळी येतात, असे बागकाम करणारे सांगतात. एकाच रोपाला एका वर्षी निळी आणि दुसऱ्या वर्षी जांभळट फुले आल्याची उदाहरणेही आहेत. त्यामुळे पहिल्या वर्षीचा रंग पाहून रोप उपटून टाकण्याची घाई करू नये, असा सल्ला दिला जातो.

कॉटेज बागेतील स्थान

इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील कॉटेज बाग म्हणजे लहान घराभोवतीची, दाट आणि मिश्र लागवडीची बाग. आखीव वाफे आणि कातरलेली झुडपे यांऐवजी तेथे भाज्या, औषधी वनस्पती आणि फुलझाडे एकमेकांच्या सोबतीने वाढतात. आपल्याकडील परसबागेशी तिचे बरेच साम्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉबिन्सन आणि गर्ट्रूड जेकिल यांच्या लेखनामुळे या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली.

अशा बागेत निळ्या पॉपीची सोय चांगली होते, कारण तिला एकाकी, मोकळ्या वाफ्यापेक्षा शेजार मानवतो. ऱ्होडोडेंड्रॉनसारखी झुडपे तिला दुपारच्या उन्हापासून आणि वाऱ्यापासून आडोसा देतात, तर नेचे आणि प्रिम्युला यांसारख्या वनस्पती तिच्या पायथ्याची जमीन झाकून गारवा राखतात. तिच्या मूळ प्रदेशातही ती साधारण अशाच संगतीत आढळते. मात्र शेजारी वनस्पती जोमदार वाढून तिच्या गड्ड्यावर पसरणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते. मोठ्या झाडांच्या अगदी बुंध्याशीही ती लावली जात नाही, कारण झाडांची मुळे जमिनीतील ओल शोषून घेतात.

स्कॉटलंडमधील पर्थ शहरातील ब्रँकलिन बाग हे याचे उत्तम उदाहरण आहे. जॉन आणि डोरोथी रेंटन या दांपत्याने १९२२ पासून आपल्या घराभोवती ही बाग फुलवली. सुमारे दोन एकरांच्या या जागेत हिमालय आणि तिबेटमधून आलेल्या बियांपासून त्यांनी अनेक दुर्मिळ वनस्पती वाढवल्या. आज ही बाग 'नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड' या संस्थेकडे असून ती निळ्या पॉपीसाठी विशेष प्रसिद्ध आहे.

स्कॉटलंडमध्येच ही वनस्पती एवढी का रमते, याचे उत्तर तेथील हवामानात आहे. एडिंबरा येथे जुलै महिन्यातही दुपारचे सरासरी कमाल तापमान सुमारे १९ ते २० अंश सेल्सिअस असते. रात्री गार असतात, हवेत ओलावा असतो आणि पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील मेटिस बागेतही अशाच गार उन्हाळ्यामुळे ती फुलते. याउलट इंग्लंडच्या कोरड्या दक्षिण भागात तिची जोपासना बरीच अवघड जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील लाँगवुड बागेत उन्हाळा उष्ण असल्याने ही रोपे काचगृहात वाढवून वसंताच्या सुरुवातीला फुलवली जातात. तेथील मोकळ्या जमिनीत ती कायमची टिकवता येत नाहीत.

बियांपासून रोपापर्यंत

निळ्या पॉपीचे बी बारीक असते आणि त्याची उगवणशक्ती लवकर कमी होते. त्यामुळे ताजे बी मिळवणे ही पहिली अट आहे. बोंडे पक्व झाल्यावर गोळा केलेले बी लगेच पेरले जाते किंवा कोरडे करून, हवाबंद डबीत, शीतकपाटात ठेवून जानेवारी-फेब्रुवारीत पेरले जाते. खोलीच्या तापमानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बियांकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

पेरणीसाठी भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारे आणि चुनखडी नसलेले मिश्रण वापरले जाते. मिश्रण आधी भिजवून घ्यावे, बी वरच्या वर विरळ पेरावे आणि त्यावर बारीक वाळूचा अगदी पातळ थर द्यावा. बी खोल गाडल्यास उगवत नाही. साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस तापमानात दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. अधिक ऊब दिली तर बी लवकर उगवेल, ही समजूत येथे लागू पडत नाही. उष्णतेने उगवण उलट मंदावते.

अंकुर आल्यानंतरचे काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. वरून पाणी घातल्यास नाजूक रोपे आडवी होतात आणि बुरशीमुळे मर लागते. म्हणून कुंडी उथळ पाण्यात ठेवून खालून पाणी शोषू द्यावे, हवा खेळती ठेवावी आणि मिश्रण कधीही पूर्ण सुकू देऊ नये. दोन-तीन खरी पाने आल्यावर रोपे हलक्या हाताने वेगळी करून लहान कुंड्यांत लावली जातात. त्या वेळी मुळांना धक्का कमीत कमी बसेल, हे पाहावे लागते. वाढीच्या काळात सौम्य द्रवखत दिल्यास रोपे न थांबता वाढतात. ही वाढ एकदा खुंटली, की ती पुन्हा सुरू होणे कठीण असते.

जागा, माती आणि पाणी

कायमच्या जागी लागवड करताना तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली म्हणजे सावली. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची विरळ सावली ही स्थिती उत्तम समजली जाते. गर्द सावलीत रोप लांबट होते आणि फुले कमी येतात.

दुसरी गोष्ट माती. ती किंचित आम्लधर्मी असावी, म्हणजेच तिचा सामू ७ पेक्षा कमी असावा. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. लागवडीपूर्वी खड्ड्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचे आणि शेणाचे खत भरपूर मिसळले जाते. निळी पॉपी रानटी मुळाची असली, तरी ती खादाड आहे. हिमालयात ती ज्या जमिनीत वाढते, तेथे वर्षानुवर्षांच्या पानगळीची आणि गवताची कुजलेली माती साठलेली असते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाणी. तिच्या मूळ प्रदेशात नैर्ऋत्य मोसमी पावसामुळे उन्हाळा ओला असतो, तर हिवाळ्यात ती बर्फाखाली किंवा गोठलेल्या, तुलनेने कोरड्या जमिनीत निद्रिस्त असते. म्हणजे तिला उन्हाळ्यात भरपूर ओल आणि हिवाळ्यात कमी ओल हवी असते. ब्रिटनमधील हवामान याच्या बरोबर उलट वागण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात कोरडे आठवडे आणि हिवाळ्यात सततचा पाऊस, अशा स्थितीत उन्हाळ्यात रोप कोमेजते आणि हिवाळ्यात गड्डा कुजतो. म्हणून उन्हाळ्यात नियमित पाणी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन दिले जाते, तर निचऱ्यासाठी जागा किंचित उंच किंवा उताराची निवडली जाते. आच्छादन गड्ड्याच्या माथ्यावर साचू न देण्याची खबरदारीही घेतली जाते.

पहिल्या फुलाचा मोह

निळी पॉपी एकाएकी नाहीशी होण्याचे मुख्य कारण तिच्या फुलण्याच्या पद्धतीत आहे. मेकोनॉप्सिसच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरतात. सह्याद्रीतील कारवी सात वर्षांनी फुलून वाळते, त्यातलाच हा प्रकार. अशा जाती टिकवायच्या तर दर वर्षी नवे बी पेरण्याखेरीज मार्ग नसतो.

बागेतील परिचित निळ्या जाती बहुवर्षायू मानल्या जातात, पण त्यांतही एक मेख आहे. ज्या पर्णगुच्छातून फुलाचा दांडा निघतो, तो गुच्छ फुलल्यानंतर संपतो. रोप पुढे जगते ते त्याच्या बगलेत फुटलेल्या नव्या गुच्छांच्या जोरावर. केळीचे उदाहरण घेतल्यास हे चटकन ध्यानात येईल. घड दिलेला केळीचा खांब पुन्हा घड देत नाही. बाग चालू राहते ती शेजारच्या मुनव्यांमुळे. मुनवे फुटण्यापूर्वीच खांब संपला, तर मागे काहीच उरत नाही. निळ्या पॉपीच्या कोवळ्या रोपाला एकच पर्णगुच्छ असतो. तेवढ्यावर ते फुलले, तर अनेकदा पहिले फूल हेच त्याचे शेवटचे फूल ठरते.

यावर जुना आणि जाणकारांनी सांगितलेला उपाय म्हणजे पहिल्या वर्षी आलेला कळीचा दांडा खुडून टाकणे. त्यामुळे रोपाची शक्ती फुलात आणि बियांत खर्च न होता बगलफुटीकडे वळते. पुढच्या वर्षी दोन-तीन गुच्छ तयार झाल्यावर त्याला फुलू दिले जाते. बी पेरल्यापासून दोन वर्षे वाट पाहिल्यानंतर दिसलेली पहिली निळी कळी स्वतःच्या हाताने खुडणे कोणालाही जड जाते. पण तेथे दाखवलेला संयमच पुढील अनेक वर्षांच्या फुलांची हमी देऊ शकतो. ज्या रोपाला आधीच अनेक फुटवे आहेत, त्याच्या बाबतीत हे करण्याची गरज नसते.

विभागणी आणि वंशाचे रक्षण

एकदा रोप जमिनीत रुजले, की साधारण दर तीन वर्षांनी त्याची विभागणी केली जाते. फुले ओसरल्यावर किंवा वसंताच्या प्रारंभी गड्डा खणून काढला जातो, मुळांसह गुच्छ वेगळे केले जातात आणि नव्याने खत घातलेल्या जमिनीत लावले जातात. विभागणी न केल्यास मधला भाग जुना होऊन रोप अशक्त होते.

विभागणीला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. बागेतील अनेक उत्तम निळ्या पॉपी संकरित असून त्यांना उगवणारे बी धरत नाही. उत्तर आयर्लंडमधील एका रोपवाटिकेच्या नावाने ओळखली जाणारी 'स्लीव्ह डोनार्ड' ही अशीच एक संकरित पॉपी आहे. तिचे प्रत्येक रोप हे आधीच्या रोपाच्या गड्ड्यातून वेगळे काढलेले असते. अशा वाणाची शेवटची काही रोपे एखाद्या कडक उन्हाळ्यात गेली, तर बियांतून ती परत मिळवता येत नाहीत. याला अपवाद म्हणजे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागातील लिंगहोम येथील बागेत आढळलेला सुपीक संकर. 'लिंगहोम' या नावाचा हा वाण भरपूर बी देतो आणि बहुवर्षायूही असतो. नवशिक्यांना सहसा त्याचीच शिफारस केली जाते.

हातोहात वाटल्या गेलेल्या रोपांची नावे काळाच्या ओघात सरमिसळ झाली होती. हा गोंधळ दूर करण्यासाठी १९९८ मध्ये स्कॉटलंडमध्ये 'मेकोनॉप्सिस ग्रुप' स्थापन झाला. एकाच जागी शेजारी-शेजारी लावून वाणांची तुलना करणे आणि त्यांना निश्चित नावे देणे, असे काम या गटाने एडिंबरा येथील राजकीय वनस्पती उद्यानाच्या सहकार्याने केले. घराच्या मागील अंगणात जतन केलेले एखादे रोपही अशा कामात मोलाचे ठरते.

रोग आणि हिवाळा

शरद ऋतूच्या अखेरीस पाने वाळतात आणि रोप जमिनीलगतच्या लहानशा कळीत निद्रिस्त होते. या काळात जागेवर खूण करून ठेवणे हिताचे असते, अन्यथा खुरपणीत गड्डा उपटला जाण्याचा धोका असतो. कडाक्याच्या थंडीने रोपाला सहसा इजा होत नाही. खरा धोका असतो तो साचलेल्या पाण्याचा. वसंतात कोवळी पाने वर येताच गोगलगाई त्यांच्यावर तुटून पडतात. ओल्या आणि कोंदट हवेत केवडा रोगही उद्भवतो. रोगट पाने वेळीच काढून नष्ट करणे आणि रोपांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत.

मूळ घरी काय स्थिती?

बागेतील फुलाची ही कथा हिमालयाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. भारतात काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या उंच भागात 'मेकोनॉप्सिस अक्युलेटा' ही काटेरी देठाची निळी पॉपी आढळते. उत्तराखंडमधील चमोली जिल्ह्यातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात जुलै-ऑगस्टमध्ये ती पाहता येते. महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्या गिर्यारोहकांना आणि पर्यटकांना ती खडकांच्या आडोशाने उभी असलेली दिसते. २००५ मध्ये हे उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळात समाविष्ट करण्यात आले. सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशातही या गटातील अनेक जाती आहेत.

भूतानचे राष्ट्रीय फूलही निळी पॉपीच आहे. ते दीर्घकाळ 'मेकोनॉप्सिस ग्रँडिस' या जातीचे मानले जात होते. १९३४ मध्ये जॉर्ज शेरिफ यांनी पूर्व भूतानमधून आणलेल्या बियांपासून ब्रिटनमधील अनेक प्रसिद्ध बागवाण निर्माण झाले. मात्र २०१६ मध्ये भूतानचे हे फूल स्वतंत्र जातीचे असल्याचे दाखवून देण्यात आले आणि भूतानी भाषेतील आनंदवाचक शब्दावरून तिला 'मेकोनॉप्सिस गाक्यिडियाना' हे नाव देण्यात आले.

भारतातील अक्युलेटा ही एकदाच फुलून मरणारी जाती आहे. पारंपरिक तिबेटी वैद्यकात तिचा औषधी उपयोग सांगितला आहे. फुलाच्या ऐन बहरात रोप उपटले गेले, तर केवळ एक रोप जात नाही, तर त्याच्या पुढील पिढीचे बीही जाते. त्यातच तापमानवाढीमुळे थंड हवेच्या वनस्पतींना अधिकाधिक उंचीकडे सरकावे लागते आणि पर्वताच्या माथ्याला मर्यादा असते. राष्ट्रीय उद्यानात वनस्पती तोडणे किंवा उपटणे कायद्याने निषिद्ध आहे. इतरत्रही रानातील रोप खणून बागेत आणण्याचा प्रयत्न करू नये. तिचे मूळ खोल जाते आणि उपटलेले रोप सहसा जगत नाही.

महाराष्ट्रात ती लावता येईल का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. पुण्यात मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरी ३७ अंशांच्या आसपास असते. महाबळेश्वर तुलनेने थंड असले आणि तेथील जांभ्याची माती आम्लधर्मी असली, तरी एप्रिलमध्ये तेथेही पारा ३० अंशांच्या जवळ जातो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस प्रामुख्याने चार महिन्यांत कोसळतो आणि रोपाला निद्रिस्त होण्यासाठी लागणारी गोठवणारी थंडी पडत नाही. बाजारात निळ्या पॉपीच्या चित्रासह मिळणाऱ्या बियांच्या पाकिटांवर खर्च करण्यापूर्वी हे लक्षात घेणे इष्ट ठरेल.

निळ्या फुलांची हौस आपल्या हवामानातही भागवता येते. कुंपणावर चढणारी गोकर्ण, उन्हाळाभर फुलणारा निळा चित्रक आणि जमिनीलगत पसरणारी विष्णुक्रांत या वनस्पती लहानशा अंगणातही सहज वाढतात. त्यांना लागणारे ऊन, पाणी आणि माती येथे उपलब्ध आहे.

निळ्या पॉपीचा शंभर वर्षांचा अनुभवही हेच सांगतो. तिला बागेत आणणे म्हणजे केवळ बी पेरणे नव्हे, तर तिच्या दरीतील गारवा, ओल आणि कुजलेल्या पाल्याची माती शक्य तेवढी उभी करणे. जेथे ते साधते तेथे ती फुलते, आणि जेथे साधत नाही तेथे तिला तिच्या डोंगरात जाऊन पाहणेच योग्य. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान दर वर्षी जून ते ऑक्टोबर या काळात पर्यटकांसाठी खुले असते.